'क्वेन्ट' ही तारीफ नव्हे

शाईदौत:
'इंग्रजी क्वेन्ट (quaint) म्हणजे जुन्या वळणाचं, गोड. असं म्हटलं की समोरचा खूश होतो,' हे इथे वाचलं आणि राहवलं नाही. खूश कसला होतो, गप्प बसतो! मी हाताने पुस्तकं बांधते. मेण लावलेला दोरा, घडीच्या मधोमध सुईची भोकं, दर जुडीच्या टोकाला गाठ. पुस्तक सपाट उघडतं, पानं सुटत नाहीत. एका पाहुण्यांनी ते हातात घेतलं, 'हाउ क्वेन्ट!' म्हणाले आणि न उघडताच खाली ठेवलं. दिसायला छान, कामाचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रानवारा:
एका पाहुण्याचा राग शब्दावर कशाला? इंग्लंडमधल्या दगडी घरांच्या खेड्यांना लोक प्रेमानेच क्वेन्ट म्हणतात. मूळ लॅटिन 'कॉग्निटस', ओळखीचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता हुशार, कसबी. तुमच्या कामाला चपखल बसतो.

शाईदौत:
चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या काळातला अर्थ आज कोण वापरतं? 2002 साली व्हाइट हाउसचे विधी सल्लागार अल्बर्टो गोन्झालेस यांच्या नावच्या मसुद्यात जिनिव्हा कराराची काही कलमं 'क्वेन्ट' ठरवली होती. युद्धकैद्यांना खेळाचे कपडे, शास्त्रीय उपकरणं द्यायची कलमं. यात प्रेम दाखवा!

जुनाट:
क्वेन्ट परवडला, मला चीड 'विंटेज'ची. द्राक्षांच्या हंगामाचा शब्द, वाईन कुठल्या सालची ते सांगणारा. मी विंटेज म्हणून टेबल घेतलं. उलटं करून पाहिलं तर पायांना किडीची म्हणून जी भोकं होती, ती सगळी एका मापाची, ड्रिलने पाडलेली! विकणारा म्हणतो, विंटेज म्हणजे लूक.

रानवारा:
त्याला रेट्रो म्हणतात. जुन्याची नवी नक्कल.

जुनाट:
नक्कल नाही, फसवणूक! अमेरिकेच्या कस्टम्समध्ये 'अँटीक'ला 100 वर्षांची अट तरी आहे. विंटेजला काय आहे? काहीही खपवा.

शाईदौत:
टेबलासाठी वेगळा धागा काढा हो. मी माणसाच्या कामाबद्दल बोलतेय.

रानवारा:
आवाज चढवू नका. गोन्झालेसचं उदाहरण बिनतोड आहे, मान्य करावंच लागतंय. कुणाच्या कामाला तोंडावर क्वेन्ट म्हणणार नाही. खेड्यांना मात्र म्हणणार.

शाईदौत:
त्या खेड्यांतही माणसं राहतात, कामाला जातात, छप्परं दुरुस्त करतात. त्यांना विचारून म्हणा.