एनडीआयएस प्लॅनमध्ये तास कापले: इंटर्नल रिव्ह्यू मागायचा की रीअसेसमेंट?

लिंबलोण

मेलबर्नमधल्या नात्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतेय. मुलगा १० वर्षांचा, ऑटिझम, लेव्हल २ (म्हणजे बऱ्यापैकी मदत लागते). एनडीआयएसचा (ऑस्ट्रेलियातली अपंगांसाठीची सरकारी योजना) नवा प्लॅन येऊन पाच आठवडे झाले. जुन्या प्लॅनच्या कोअरमध्ये (रोजच्या मदतीच्या पैशांत) सपोर्ट वर्करचे आठवड्याला ६ तास होते, आता २ आहेत. थेरपीला हात लावलेला नाही. कारण एवढंच दिलंय की घरच्यांचा आधार पुरेसा आहे. मीटिंगच्या वेळी आजी व्हिजिटर व्हिसावर इथे होती, ती पुढच्या महिन्यात नाशिकला परत जातेय.

एलएसी (योजनेची स्थानिक समन्वयक) म्हणते, परिस्थिती बदलल्याचा फॉर्म भरा. ओळखीचे लोक म्हणतात, रिव्ह्यू मागा. दोन्हींत फरक काय? मुदत किती? ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) नवीन रिपोर्ट करून घ्यावा लागेल का? आणि निकाल येईपर्यंत चालू प्लॅन वापरता येतो ना?

पाटीपेन्सिल

सगळा घोळ ‘रिव्ह्यू’ या एका शब्दाचा आहे. बोलताना आपण सरसकट रिव्ह्यू म्हणतो, योजना चालवणाऱ्या एजन्सीच्या लेखी मात्र ही तीन वेगळी कामं आहेत.

इंटर्नल रिव्ह्यू मागणं म्हणजे ‘तुमचा निर्णय चुकला’ असं सांगणं. एनडीआयएस कायद्याचं कलम १००. निर्णयाचं पत्र मिळाल्यापासून ३ महिन्यांत मागावा लागतो. मूळ निर्णयात नसलेला अधिकारी फाइल पुन्हा बघतो, त्याला ६० दिवस असतात.

रीअसेसमेंट, कलम ४८, म्हणजे ‘निर्णय तेव्हा बरोबर असेलही, पण आता परिस्थिती वेगळी आहे’. हा अर्ज कधीही करता येतो. प्लॅन बदलायचा की फेरमूल्यांकन करायचं की काहीच नाही, हे एजन्सीने २१ दिवसांत ठरवायचं असतं. त्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर नकार दिला असं धरतात, आणि त्या नकाराचाही रिव्ह्यू होऊ शकतो. यात अख्खा प्लॅन पुन्हा उघडला जातो, हे विसरू नका. आज ज्या थेरपीला हात लावलेला नाही तीही पुन्हा मोजली जाईल.

तिसरं व्हेरिएशन, म्हणजे डागडुजी: टंकनातली चूक, पैसे कोण सांभाळणार तो बदल, प्लॅनमध्ये आधीच धरलेल्या साधनाचं कोटेशन आलं, अचानक संकट ओढवलं. ६ चे २ झालेले तास यात सहसा बसत नाहीत.

तुमच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: आजी परत जाणार हे प्लॅनिंग मीटिंगच्या दिवशी ठरलेलं होतं का? व्हिजिटर व्हिसाला मुक्कामाची शेवटची तारीख असतेच. म्हणजे पाहुणी म्हणून आलेल्या बाईला प्लॅनरने वर्षभराचा आधार धरलं. याला परिस्थिती बदलणं म्हणत नाहीत, निर्णय पहिल्यापासून चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. म्हणून इंटर्नल रिव्ह्यू.

एलएसी मुद्दाम फसवत नसते, पण प्लॅन मंजूर करण्याचा अधिकार तिला नाही. फॉर्म भरून लोक वाट बघत बसतात, तेवढ्यात ३ महिने उलटतात आणि मूळ निर्णयावर बोट ठेवायचा हक्क हातचा जातो. रीअसेसमेंट नाकारली तर तुम्ही भांडणार ‘फेरमूल्यांकन का नाही केलं’ यावर. कापलेल्या तासांचा मुद्दा बाजूलाच राहतो.

निर्णयाची कारणं सविस्तर मागता येतात, ती २८ दिवसांत द्यायची असतात. जरूर मागा, पण कारणांची वाट बघताना ३ महिन्यांचं घड्याळ थांबत नाही.

चालू प्लॅन थांबत नाही. २ तास वापरत राहा.

कंदील

वरचं बरोबर आहे. मी पुराव्याचं लिहिते, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

अख्खा नवा फंक्शनल रिपोर्ट (रोजच्या कामांत किती मदत लागते याचा) लगेच करायला घेऊ नका. ओटीचा कमाल दर २०२५-२६ साठी तासाला १९३.९९ डॉलर. रिपोर्टला ८ तास धरले तर १,५५१.९२ डॉलर, तेही मुलाच्याच थेरपीच्या पैशांतून. जुना रिपोर्ट वर्षाच्या आतला असेल तर ओटीकडून फक्त पुरवणी पत्र घ्या, दोन तासांचं काम, ३८७.९८ डॉलर. त्यात कापलेल्या ४ तासांबद्दलच लिहायला सांगा, बाकी काही नको.

‘सपोर्ट वर्करचा मुलाला फायदा होईल’ या वाक्याला कवडीची किंमत नाही, कारण फायदा कुठल्याही मुलाला होईल. वाक्य असं हवं: ‘अंघोळ, दात घासणे आणि कपडे घालणे यांना शाळेच्या दिवशी सकाळी ५० मिनिटे लागतात. तोंडी सूचना पुरत नाही, प्रत्येक पायरीला हात धरून मदत लागते. याच वेळी आईला धाकटीला पाळणाघरात पोचवायचे असते. मदत नसताना तो मागच्या दाराने रस्त्यावर जातो. मागच्या ८ आठवड्यांत असे ३ वेळा झाले.’ आकडे अर्थातच त्यांच्या घरचे खरे घालायचे. त्यासाठी दोन आठवडे साधी वही ठेवा: तारीख, वेळ, काय झालं, किती मिनिटं, कोण हजर होतं.

कलम ३४ मध्ये ‘वाजवी आणि आवश्यक’च्या कसोट्या आहेत. त्यातली एक म्हणजे कुटुंबाकडून किती अपेक्षा करणं रास्त आहे. तुमचं प्रकरण याच कसोटीवर अडकलंय. लहान मुलाचं आईवडिलांनी करायचंच असतं, हा एजन्सीचा ठरलेला युक्तिवाद असतो. म्हणून तुलना दाखवा: १० वर्षांचं दुसरं मूल सकाळी स्वतःचं आवरायला किती मदत घेतं आणि याला किती लागते. या दोहोंमधलं अंतर हीच मागणी.

आजीसाठी व्हिसा मंजुरीचं पत्र आणि परतीचं तिकीट जोडा. आईवडिलांच्या शिफ्टचं वेळापत्रक कामाच्या ठिकाणाहून घ्या. काळजी घेणाऱ्यांचं निवेदन आईने स्वतः लिहावं, एक पान पुरे.

आणि हो, आपल्या लोकांची एक खोड. मीटिंगमध्ये ‘कसं जमतं?’ विचारलं की आपण म्हणतो, ‘करतो हो आम्ही, होतं सगळं.’ आपल्यासाठी तो साधेपणा झाला, प्लॅनर ते ‘अनौपचारिक आधार उपलब्ध’ असं नोंदवतो. घरातल्या मोठ्यांना इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा मागा, १३१ ४५० वर मोफत मिळतो. आजीच्या तोंडून ‘मी मार्चमध्ये जाणार’ एवढं नीट नोंदलं गेलं असतं तरी निम्मा प्रश्न आला नसता.

लिंबलोण

व्हिसाची शेवटची तारीख मीटिंगच्या आधीच ठरलेली होती, म्हणजे इंटर्नल रिव्ह्यू. पण निकाल येईपर्यंत मधले दोन-अडीच महिने? आधी ६ तास वापरून टाकावेत, मग वाढवून घ्यावेत, असं सुचवणारेही भेटले.

यारा_काठचा

हा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. मे २०२५ पासून नव्या प्लॅन्समध्ये पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात, बहुतेकदा तीन महिन्यांचा एक टप्पा. हिशेबच मांडतो. सपोर्ट वर्करचा सोमवार ते शुक्रवार दिवसाचा कमाल दर २०२५-२६ साठी तासाला ७०.२३ डॉलर. २ तास × ५२ आठवडे म्हणजे ७,३०३.९२, एका टप्प्याला १,८२५.९८. आठवड्याला ६ तास वापरले तर ४२१.३८ जातात. पाचव्या आठवड्यात टप्पा रिकामा, आणि तेरावा संपेपर्यंत वर्करचं बिल कोण देणार? टप्प्यात उरलेले पैसे त्याच प्लॅनच्या पुढच्या टप्प्यात जातात, पण पुढच्या टप्प्यातले अलीकडे आणता येत नाहीत. आणि पैसे लवकर संपले याचा अर्थ एजन्सी ‘गरज जास्त’ असा लावत नाही, ‘प्लॅनप्रमाणे खर्च केला नाही’ असा लावते.

अर्जातही हीच भाषा वापरा. ‘तास वाढवा’ लिहू नका. लिहा: आठवड्याला ४ तास, ५२ आठवडे, २०८ तास, ७०.२३ दराने १४,६०७.८४ डॉलर, कोअरमध्ये. अधिकाऱ्याला टिकमार्क करता येईल असा आकडा दिला की बोलणं सोपं होतं.

अर्ज फॉर्मवर, ईमेलने किंवा १८०० ८०० ११० वर फोन करून, कसाही चालतो. फोन केलात तर ‘मी कलम १०० खाली इंटर्नल रिव्ह्यू मागतेय’ असंच म्हणायचं. नुसतं ‘रिव्ह्यू हवाय’ म्हटलं की समोरचा रीअसेसमेंटची नोंद करून मोकळा होतो. तारीख, बोलणाऱ्याचं नाव, संदर्भ क्रमांक टिपून ठेवा आणि त्याच दिवशी ईमेलने पुन्हा पाठवा. पुरावे सगळे हातात यायची वाट बघू नका. आधी अर्ज, त्यात ‘ओटीचं पत्र अमुक तारखेपर्यंत देते’ अशी ओळ.

मुलगा अल्पवयीन असल्याने आई किंवा वडील, ज्यांची प्रतिनिधी म्हणून नोंद आहे, त्यांनीच अर्ज करायचा. मावशीने फोन केला तर कुणी माहिती देणार नाही.

निकाल विरुद्ध गेला तर पुढे प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण, म्हणजे एआरटी. जुन्या अपील न्यायाधिकरणाच्या (एएटी) जागी ते १४ ऑक्टोबर २०२४ पासून आलं. इंटर्नल रिव्ह्यूचा निकाल मिळाल्यापासून २८ दिवस, फी नाही. थेट तिथे जाता येत नाही, आधी इंटर्नल रिव्ह्यू व्हावाच लागतो. तिथे पहिल्यांदा बैठकीत तडजोडीचा प्रयत्न होतो. एजन्सीकडून वकील असतो, तेव्हा मोफत अपंग-हक्क सल्लागार आत्ताच गाठून ठेवा, त्यांच्याकडे रांग मोठी असते.

कंदील

यारा_काठचा, एक भर. आजी जाण्याच्या तारखेनंतर वर्षातले किती आठवडे उरतात तेही लिहा, नाहीतर पूर्ण ५२ आठवड्यांचा आकडा बघून कुणीतरी विचारेल की ती असतानाचे तास कशाला मागताय. त्याचं उत्तर अर्जातच असू दे: आजी ७० च्या पुढची आहे, १० वर्षांच्या मुलाला बाथरूममध्ये धरणं तिला झेपत नाही. तिच्या गुडघ्यांबद्दल इथल्या जीपीचं (फॅमिली डॉक्टर) दोन ओळींचं पत्र मिळालं तर तेही जोडा.