शब्दचर्चा : 'तयार' गिटारिस्ट आणि 'मोठा' गिटारिस्ट

कृष्णाकाठ (सांगली) :
परवा विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर नेहमीचंच भांडण झालं. रॉकमधला सगळ्यांत मोठा गिटारिस्ट कोण? 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत मासिकाच्या यादीत 'व्हॅन हेलन' बँडचा एडी व्हॅन हेलन २००३ साली ७०वा, २०११ साली ८वा आणि २०२३ साली ४था. माणूस २०२०मध्ये गेला, मग हा वर चढतोय कसा? एक म्हणाला, तयारीत त्याचा हात धरणारा दुसरा दाखवा. दुसरा म्हणे, तयारी म्हणजे मोठेपण नव्हे. तर 'तयारी' म्हणजे नेमकं काय, आणि रॉकवाल्यांना हा शब्द लावायचा का?

तरफेची तार (मिरज) :
लावायचा की. आमच्याकडे 'हात तयार आहे' म्हणजे रियाजानं बोटं हुकमात आली. द्रुत लयीतही एक सूर गिळला जात नाही. नुसता वेग म्हणजे तयारी नव्हे, सफाई हवी. पण यात एक मेख आहे. मैफल संपल्यावर जाणकार 'तयारी चांगली आहे हो' एवढंच बोलून चपला शोधायला लागला, तर समजायचं, गाणं काही त्याला भिडलेलं नाही!

व्हॅन हेलन तयारीचा खराच. उजव्या हाताची बोटं थेट पट्टीवर (जिथं डावा हात तारा दाबतो तिथं) आपटून सूर काढायची रीत त्याच्या आधीही होती, पण १९७८च्या पहिल्या अल्बमनंतर पोरंटोरं तेच करायला लागली. यादीत तो वर गेला तो त्यामुळे, असं माझं मत. यादी करणारे आधी बहुधा गोडी मोजत होते, नंतर प्रभाव मोजायला लागले. शब्द तोच, माप बदललं.

अजिंक्यतारा (सातारा) :
मग 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिल्मोरचं काय? २००३ला ८२वा, २०११ला १४वा. त्याच्या बोटांना कुठं घाई आहे? एक तार ओढतो आणि धरून ठेवतो, बास.

तरफेची तार :
त्याला 'तयारीचा' म्हणू नका, 'सुरेल हात' म्हणा. तार ओढणं म्हणजे आपली मींडच, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. सतारीला पडदा वक्र, तार सैल, त्यामुळे एका पडद्यावरून चार-पाच सूर वर जाता येतं. गिटारवर सा वरून रे, फार तर ग. गिल्मोर कधी कधी त्याच्याही पुढं खेचतो. मुक्कामाच्या सुरावर नेमकं थांबणं आणि तिथं हलका कंप देणं, कसब त्यात आहे. ब्लूजवाल्या बी. बी. किंगचं सगळं गाणं त्या कंपात. एवढ्याशा जागेत खोटेपणा लपत नाही.

अजिंक्यतारा :
मान्य, पण सगळंच शास्त्रीय करून टाकू नका राव. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. आमच्यात 'मींड घे' कुणी म्हणत नाही, 'पीस (गाण्यातला वाद्याचा तुकडा) नीट वाजव' म्हणतात. आणि जिमी हेंड्रिक्सला कुठला शब्द? तिन्ही याद्यांत पहिला. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा, अॅम्प्लिफायरच्या किंकाळीलाही सुरात घ्यायचा.

कृष्णाकाठ :
त्याला मी 'वाट पाडणारा' म्हणेन. तयार, सुरेल, वाट पाडणारा, हे तीन वेगळे गुण. गाड्यावर तिघं तीन गुणांवर भांडत होते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द : 'भारी'.

तरफेची तार :
'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयोमी तिसऱ्यात घाला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि डावखुऱ्याचा तोच पट्टीवरचा हात. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं टोपणं केली, पुढं तारा सैल करून खाली उतरवल्या. तो जड आवाज त्यातूनच घडत गेला. हेवी मेटलवाले आजही त्याच वाटेनं जातात.

अजिंक्यतारा :
आणि 'रोलिंग स्टोन्स' बँडचा कीथ रिचर्ड्स? २००३ला १०वा, २०११ला थेट ४था. गड्यानं सहावी तार काढूनच टाकली, पाच तारांवर खुल्या मेळात (तारा न दाबताच कॉर्ड वाजेल अशा लावून) वाजवतो. लीड (एकट्याची पुढची सुरावट) फार नाही, ऱ्हिदमच (मागची लय धरणं). त्याला काय म्हणायचं, 'साथीदार'? कमीपणा वाटतो.

तरफेची तार :
'ठेका धरणारा' म्हणा. तबल्यात नुसता ठेका नीट धरणाऱ्यालाही मान असतो.

अजिंक्यतारा :
हां, चालेल. फक्त 'ठेकेदार' करू नका. इथं त्याचा अर्थ रस्त्याच्या खड्ड्यांशी जोडलेला आहे.