वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि जँगो, एकाच लॅपटॉपवर: कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?

हळदपेठ, सांगली:
नमस्कार मंडळी. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय५, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. रोजचं काम जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट), पोस्टग्रेस (डेटाबेस), डॉकर (ॲप वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय), सर्व्हर उबुंटू लिनक्सचा. शिवाय मार्केट यार्डातल्या काट्यांचं, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचंय. ते यूएसबी-सीरियल केबलवरून वजन वाचतं. लिनक्स टाकू की विंडोजवरच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवू? नवीन मशीन सध्या नको.

वारणाकाठ:
८ जीबीवर डब्ल्यूएसएलच्या नादी लागू नका. ते निम्मी रॅम, म्हणजे ४ जीबीपर्यंत, खाऊ शकतं. उरलेल्या चारात विंडोज, क्रोम आणि एडिटर. मर्यादा घालता येते, पण मग डॉकर अडखळतो. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवला तर कोडमधले बदल दाखवणारी ‘गिट स्टेटस’ कमांडसुद्धा रेंगाळते, कारण प्रत्येक फाइल दोन सिस्टीममधून ये-जा करते.

लिनक्स मिंट २२ टाका. ते उबुंटू २४.०४ वरच बेतलेलं आहे, तुमच्या रॅमला जास्त मानवेल, आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळतील. फेडोरा हे दुसरं लिनक्सही उत्तम आहे, पण एक आवृत्ती साधारण १३ महिने चालते. गिऱ्हाइकाचं काम हातात असताना दरवर्षी बिऱ्हाड कशाला हलवायचं?

पार्टिशन एकच मोठं ठेवा. रूटला (सिस्टीमच्या भागाला) ३० जीबी देऊन होम (आपल्या फाइलींचा भाग) वेगळं केलं की डॉकरच्या इमेज रूटमध्येच साठतात आणि दोन-तीन महिन्यांत जागा संपते.

अजिंक्यतारा, सातारा:
मिंटला माझंही मत, पण विंडोज पुसू नका. काट्याचा कोड विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमध्ये विंडोजचे स्क्रीन बनवायची पद्धत) असेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या एडिटरमध्ये उघडावा लागेल, आणि व्हिज्युअल स्टुडिओ लिनक्सवर चालत नाही. विंडोजला ८० जीबी ठेवा, बाकी मिंटला.

पार्टिशनला हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. मग विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

तुमच्या कामात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. मिंटमधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी १० ला आलेल्या गाडीच्या पावतीवर ४:३० छापलं जाईल. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ द्या. चाचणीची पावती काढून वेळ तपासा.

केबलमध्ये चिप कोणती आहे?

हळदपेठ, सांगली:
कोड विनफॉर्म्सचाच आहे. केबलवर काही लिहिलेलं नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉलिफिक दिसतं.

अजिंक्यतारा, सातारा:
मग गिऱ्हाइकांनाही आत्ताच सांगून ठेवा. प्रॉलिफिकची जुनी किंवा नकली पीएल२३०३ चिप असेल तर विंडोज ११ चा नवा ड्रायव्हर ती नाकारतो. पोर्टच्या नावाच्या जागी ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं झळकतं. काटा ठणठणीत असतो, पण वजन येत नाही. ड्रायव्हरच्या यादीतून जुनी आवृत्ती हाताने निवडली की चालतं, मात्र अपडेट नवा ड्रायव्हर परत बसवू शकतं. केबल बदलणं बरं.

लिनक्सवर हीच केबल सहसा विनातक्रार चालते. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) घाला आणि लॉगआउट करून परत या. केबल सीएच३४० चिपची घेतलीत तर एक पथ्य: उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेलटीटीवाय हे ब्रेल यंत्रांसाठीचं पॅकेज तिला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतं, पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. त्या मशीनवर ब्रेल यंत्र वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

वारणाकाठ:
रॅम १६ जीबी झाली तर दोनदा बूट करायची कटकट टळेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजला ४ जीबी द्या, युजरला व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये घाला म्हणजे केबल आत जोडता येते. अपडेट नसलेल्या विंडोजचं नेटवर्क कार्ड मात्र बंदच ठेवा. लायसन्स वेगळं लागेल हे धरून चाला.

हळदपेठ, सांगली:
आभारी आहे. डीडीआर४ चा एक स्लॉट रिकामा दिसतोय. मिंट पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघू का?

वारणाकाठ:
बघाच. वाय-फाय, आवाज, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तिन्ही तपासा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही तर बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाची सेटिंग) स्टोरेज रेड (RAID) मोडवर आहे का बघा. तो एएचसीआय (AHCI) या दुसऱ्या मोडवर नेण्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून ठेवा, नाहीतर विंडोज उठणार नाही.