वीरगळ आणि शिलालेखांच्या छायाचित्रांसाठी जुना डीएसएलआर ठेवावा की नवा कॉम्पॅक्ट घ्यावा?

आडवाट

नमस्कार.

गेली सहा वर्षे आम्ही चौघे मित्र सुट्टीच्या दिवशी पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील गावोगावी जाऊन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा) आणि मंदिरांतील शिलालेख यांची नोंद करतो. मापे घेणे आणि दगडाची सद्यस्थिती लिहून ठेवणे इतरांकडे असते, छायाचित्रे माझ्याकडे. त्यासाठी मी २००९ साली घेतलेला निकॉन डी९० हा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) वापरतो. त्याच्यासोबत १८-१०५ ची झूम लेन्स, ३५ मिमी एफ १.८ आणि एसबी-६०० हा फ्लॅश आहे. नुसती बॉडी बॅटरीशिवाय ६२० ग्रॅम आणि झूम लेन्स ४२० ग्रॅम, त्यात फ्लॅश आणि इतर सामान मिळवले की गडावरच्या एखाद्या देवळापर्यंत पोहोचेतो उजवा खांदा बोलू लागतो. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर हे दुखणे दोन दोन दिवस राहते.

ओळखीचे एक गृहस्थ त्यांचा सोनी आरएक्स१०० मार्क ३ हा कॉम्पॅक्ट (लेन्स जोडलेला लहान कॅमेरा) विकत आहेत. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन २९० ग्रॅम आहे, म्हणजे तो सदऱ्याच्या खिशात मावेल. तो घ्यायचा झाला तर डी९० चा सगळा संच विकावा, असा घरच्यांचा आग्रह आहे. मला अडवणारी गोष्ट एकच आहे. डी९० चा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) २३.६ × १५.८ मिमी आहे आणि या कॉम्पॅक्टचा १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम एक तृतीयांश. आमचे निम्मे काम गाभाऱ्यात, अंतराळात (गाभारा आणि सभामंडप यांमधल्या जागेत) किंवा पत्र्याच्या शेडखाली चालते. तिथे लहान सेन्सरची छायाचित्रे इतकी खरखरीत येतील का, की अक्षरेच वाचता येऊ नयेत? उलट १२ मेगापिक्सेलऐवजी २० मेगापिक्सेल मिळाल्याने झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट दिसतील का? ज्यांनी दोन्ही प्रकारचे कॅमेरे अशा कामासाठी वापरले आहेत, त्यांच्या अनुभवाची मला फार गरज आहे.

अंधारखोली

आडवाट, आपण सेन्सरची तुलना केली आहे, पण सेन्सरवर प्रकाश किती पडतो हे लेन्स ठरवते. त्यामुळे बॉडीशी बॉडी न ताडता लेन्ससह ताडून पाहू.

दोन्ही सेन्सरांच्या क्षेत्रफळात साधारण ३.२ पटींचा, म्हणजे पावणेदोन स्टॉपच्या जरा आतला फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आता आपली १८-१०५ लेन्स पाहा. अगदी रुंद टोकाला ती एफ ३.५ ला उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे) आणि ५० मिमीच्या आसपास एफ ५ पर्यंत येते. कॉम्पॅक्टची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ आणि लांब टोकाला एफ २.८ आहे. एफ ३.५ पेक्षा एफ १.८ मधून पावणेचार पट प्रकाश आत येतो आणि एफ ५ पेक्षा एफ २.८ मधून सव्वातीन पट. म्हणजे सेन्सर लहान असल्याने जे गमावले, ते लेन्सने जवळजवळ पूर्ण भरून दिले. त्याच गाभाऱ्यात, त्याच शटर वेगाला आपण डी९० वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १२५० लावत असाल, तर कॉम्पॅक्टवर ४०० पुरेल. डी९० २००८ सालचा आणि हा कॉम्पॅक्ट २०१४ सालचा, हे लक्षात घेता दोन्हींच्या खरखरीत आपल्याला फरक शोधावा लागेल.

आणखी एक बाब आपल्या कामात विशेष महत्त्वाची आहे. आपल्याला मागची पार्श्वभूमी धूसर करायची नसते, शिळेचा वरचा टप्पा आणि खालचा टप्पा दोन्ही रेखीव हवे असतात. दृश्याचा आवाका सारखाच ठेवला, तर कॉम्पॅक्टवर एफ २.८ ला जितकी डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे रेखीव दिसणारी खोली) मिळते, तितकी मिळवण्यासाठी डी९० ला एफ ५ पर्यंत जावे लागते. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला मोठ्या सेन्सरचा जो लाभ होतो, तो खोली हवी असलेल्या या कामात आपोआप विरघळतो.

मात्र आपल्या ३५ मिमी लेन्सचे गणित निराळे आहे. एक मीटर अंतरावरून एफ २.८ ला सुमारे ९ सेंटीमीटरची खोली रेखीव मिळते. शिलालेख सपाट असेल आणि कॅमेरा दगडाला समांतर धरला असेल, तर ती पुरते, आणि तिथे डी९० कॉम्पॅक्टवर दीड स्टॉपहून अधिक आघाडी घेतो. परंतु त्या लेन्समध्ये थरथर रोखणारी यंत्रणा नाही, कॉम्पॅक्टमध्ये आहे. दगड हलत नसल्यामुळे स्थिर हातांनी १/१५ सेकंदालाही कॉम्पॅक्टवर चित्र साधते, ३५ मिमी लेन्सवर मात्र मी १/६० च्या खाली जाणार नाही. आघाडी पुन्हा गेली.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. ९० सेंटीमीटर उंचीची शिळा चौकटीत पूर्ण भरली, तर डी९० वर दर मिलिमीटरला पावणेपाच पिक्सेल येतात, कॉम्पॅक्टवर सहा. टाकीने कोरलेली रेघ काही मिलिमीटर रुंद असते. तिच्यासाठी दोन्ही पुरेसे आहेत.

रानजाई

मी गेली चार वर्षे घाटमाथ्यावरच्या मंदिरांसाठी कॉम्पॅक्टच वापरते, त्याआधी डीएसएलआर होता. गणित वर आलेच आहे, म्हणून हाताळणीविषयी लिहिते.

बहुतेक वीरगळ जमिनीत अर्धे गाडलेले किंवा पाराला टेकवून ठेवलेले असतात. डी९० ने त्यांच्यासमोर समांतर यायचे तर पोटावर झोपून व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागतो, कारण त्याचा मागचा पडदा वळत नाही आणि पडद्यावर पाहून फोकस करताना तो मंद होतो. कॉम्पॅक्टचा पडदा वर वळतो. कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर धरून वरून पाहिले की काम होते. हे किरकोळ वाटेल, पण ज्या शिळांसाठी मी पूर्वी वाकण्याचा कंटाळा करून वरूनच तिरके चित्र काढत असे आणि नंतर मापे जुळत नसत, त्यांची चित्रे आता सरळ येतात. चित्र समांतर असणे मला खरखरीपेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचे वाटते. एवढेच सांभाळावे की रुंद टोक वापरू नये. ५० ते ७० मिमीच्या समतुल्य झूमवर ठेवून दोन पावले मागे सरकावे, म्हणजे शिळेच्या कडा फुगत नाहीत.

चष्मा असल्यास एक गोष्ट जाणवेल. डीएसएलआरच्या पेंटाप्रिझममधून (व्ह्यूफाइंडरमधल्या काचेच्या लोलकातून) दिसणारी प्रतिमा डोळ्यांना शांत वाटते. मार्क ३ मध्ये वर उघडणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे, तो भर उन्हात कामाला येतो, पण फार लहान आहे.

आता जी गोष्ट मला महाग पडली ती सांगते. माझा कॉम्पॅक्ट याच मॉडेलचा नाही, वेगळ्या कंपनीचा आहे. पण बहुतेक झूम कॉम्पॅक्टची लेन्स नळीसारखी आतबाहेर होते, आणि त्या हालचालीबरोबर हवा आत ओढली जाते. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवर महिनाभर फिरल्यावर माझ्या प्रत्येक चित्रात वरच्या कोपऱ्यात एक करडा डाग येऊ लागला. डीएसएलआर असता तर लेन्स काढून मी स्वतः सेन्सर फुंकून स्वच्छ केला असता. इथे अख्खा कॅमेरा उघडावा लागला आणि दुरुस्तीसाठी पाच आठवडे थांबावे लागले. नोंदीच्या कामात असे डाग धोक्याचे असतात, कारण दगडावरचा खड्डा कोणता आणि धूळ कोणती, हे दहा वर्षांनी चित्र पाहणाऱ्याला कळणार नाही.

तांबडी_माती

आडवाट, आपल्या दोन्ही प्रश्नांत गृहीत धरले आहे की गाभाऱ्यात जो प्रकाश आहे त्यातच चित्र काढायचे. झिजलेल्या अक्षरांच्या बाबतीत मला ते गृहीतकच मान्य नाही. समोरून येणाऱ्या मंद, सर्वदूर पसरलेल्या प्रकाशात झिजलेले अक्षर कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण अक्षर म्हणजे त्याच्या कडेला पडणारी सावली, आणि सावलीच पडत नसेल तर टिपणार काय? त्यासाठी दगडाला जवळजवळ घासून जाणारा, दहा-पंधरा अंशांचा तिरपा प्रकाश हवा.

इथे आपला डी९० फार मोलाचा आहे. त्याचा अंगचा फ्लॅश कमांडर म्हणून चालतो. स्वतः प्रकाश न देता तो फक्त इशारा देईल असे मेनूत लावता येते, आणि हातभर दूर धरलेला किंवा मित्राच्या हातात दिलेला एसबी-६०० त्या इशाऱ्यावर चमकतो. वायर लागत नाही, वेगळा ट्रिगर लागत नाही. गाभाऱ्याच्या भिंतींवरून इशारा परावर्तित होत असल्याने आतमध्ये तो क्वचितच चुकतो, उघड्यावर कडक उन्हात मात्र चुकतो. अशा वेळी आयएसओ २०० आणि एफ ८ लावले की उरलेला प्रकाश नगण्य होतो आणि सेन्सर जुना आहे की नवा, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. आपण ज्या मार्क ३ चा विचार करता, त्याला बाहेरचा फ्लॅश बसवण्याची हॉट शू नाही. अंगचा लहान फ्लॅश समोरून पडतो आणि जी सावली आपल्याला हवी तीच पुसून टाकतो.

फ्लॅश शिळेच्या फार जवळ धरू नये, जवळची बाजू जळते आणि दूरची काळी पडते. दीड-दोन मीटर अंतर ठेवावे. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने द्यावा, खालून दिला तर कोरलेले अक्षर डोळ्यांना उठावाचे भासते. त्याच जागेवरून डावीकडून, उजवीकडून आणि वरून अशी किमान तीन चित्रे घ्यावीत, कारण उभ्या रेघा आडव्या प्रकाशात उठतात आणि आडव्या रेघा वरच्या प्रकाशात. आणि अक्षरांत खडू किंवा भस्म भरण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. त्यात चित्र काढणाऱ्याची समजूत भरली जाते, आणि दगडाचीही हानी होते.

कॉम्पॅक्ट घेतलाच, तर हीच गोष्ट एका चांगल्या एलईडी विजेरीने साधता येते. फक्त प्रकाश कमी असल्याने कॅमेरा एखाद्या आधारावर ठेवून अर्ध्या-एक सेकंदाचे शटर द्यावे लागेल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील वास्तूंत ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते, तिथे तांदळाची पुरचुंडी कॅमेऱ्याखाली ठेवून मी निभावतो.

शेंदूर लावलेल्या शिळांबद्दल आपण विचारले नाही, पण गावांत त्याच अधिक भेटतात. त्या भडक नारिंगी रंगात सेन्सरची लाल वाहिनी सर्वांत आधी भरून वाहते आणि शेंदराखालचा उठाव सपाट होतो. जेपेगवर अवलंबून न राहता रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) दोन तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश देऊन चित्र घ्यावे आणि संगणकावर ते कृष्णधवल करताना हिरव्या वाहिनीला वजन द्यावे. दोन्ही कॅमेरे रॉ देतात, त्यामुळे इथे निवडीचा प्रश्न येत नाही.

आडवाट

तिघांचेही मनापासून आभार. सहा वर्षे मी एसबी-६०० थेट कॅमेऱ्यावर बसवूनच वापरत होतो, हे इथे सांगितले पाहिजे. कमांडरची सोय मेनूत आहे हे ठाऊक होते, ती कशासाठी वापरावी हे उमगले नव्हते.

त्या गृहस्थांकडून कॉम्पॅक्ट एका रविवारपुरता मागून घेतला आणि ज्या देवळातील सहा ओळींच्या लेखाच्या शेवटच्या दोन ओळी आम्हाला कधीच लागल्या नव्हत्या, तिथे दोन्ही कॅमेरे घेऊन गेलो. आहे त्या प्रकाशात दोघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा अंधारखोली यांनी म्हटले तसेच झाले. मित्रांना न सांगता दाखवली, तर कोणते कशाचे हे त्यांना ओळखता आले नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र दोन्हींत नव्हत्या. मग एकाने फ्लॅश डावीकडे भिंतीलगत धरला आणि मी डी९० ने चित्र घेतले. पाचव्या ओळीतील चार अक्षरे आणि तिच्या शेवटचा दंड (विरामाची उभी रेघ) स्पष्ट उमटला. सहावी ओळ खरोखरच फुटलेली आहे, हेही त्याच चित्राने दाखवले. विजेरीच्या प्रकाशात कॉम्पॅक्टनेही तीच अक्षरे दिली, पण त्याला आधार देऊन चौकट जुळवण्यात वीस मिनिटे गेली.

त्यामुळे डी९० विकणार नाही. झूम लेन्स घरी ठेवून ३५ मिमी आणि फ्लॅश एवढेच शिलालेखांच्या दिवशी नेईन. गावोगावच्या वीरगळांसाठी कॉम्पॅक्ट घ्यावा असे आता ठरत आले आहे, कारण रानजाई म्हणतात तसा वळणारा पडदा त्या दिवशी पारापाशी फार उपयोगी पडला. धुळीची भीती तेवढी मनात आहे. वापरलेला कॅमेरा घेताना ती कशी ओळखावी?

रानजाई

लेन्स सर्वांत लांब झूमवर नेऊन अॅपर्चर एफ ११ ला लावावे, फोकस मुद्दाम बिघडवावा आणि पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे चित्र घ्यावे. मग तेच रुंद टोकालाही करावे. संगणकावर पूर्ण आकारात पाहताना दोन्ही चित्रांत एकाच जागी करडा ठिपका दिसला तर धूळ सेन्सरवर आहे. लेन्स दहा-बारा वेळा आतबाहेर करून कान देऊन ऐकावे, करकर आवाज येत असेल तर घेऊ नये. घेतल्यावर प्रवासात तो चेन असलेल्या लहान पिशवीत ठेवावा आणि गाडी धुळीतून जात असताना सुरू करू नये. पाचव्या ओळीचे वाचन लागले की ती चार अक्षरे इथे जरूर लिहा.