गावातले सोहळे: तुम्ही काय पाहिलंत, सांगा

माझं माहेर जुन्या नाशकातल्या तिळभांडेश्वर लेनमधलं. लग्नानंतर पाथर्डी फाट्याला राहायला गेले आणि पंधरा वर्षांत 'गावात जाणं' म्हणजे भांडी बाजारातली खरेदी उरकून दहीपुलावरून घाईघाईनं परत, एवढंच उरलं. परवा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं शाळेत रंगपंचमीवर निबंध लिहिला. त्यात पिचकारी होती, फुगे होते, पुरणपोळीसुद्धा होती. रंगाच्या पाण्यानं भरलेला दगडी हौद, आपली रहाड, तेवढी नव्हती. नाशिकच्या मुलीच्या निबंधात रहाड नाही, हे मला फार लागलं.

पुढचे तीन महिने गाव नुसतं गजबजलेलं असणार आहे. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्मदिवस, मग होळी, धुळवडीला वीर, पंचमीला रहाडी, पाडवा, रामनवमी, एकादशीचा रथ आणि पुढे मे महिनाभर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, वसंत व्याख्यानमाला. यंदा लेकीचा हात धरून सगळीकडे जायचं पक्कं केलंय. तारखा कॅलेंडरात मिळतील, पण तिथे उभं राहिल्यावर काय होतं ते गावात वाढलेल्यांनीच सांगावं. तुमचा एखादा अनुभव लिहा. मोठा, छोटा, कसाही.

तिवंधेकर

रहाडीपासूनच सुरू करतो. तिवंधा चौक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाहेरच्यांना मुद्दाम सांगावं लागतं की रहाड वर्षभर आमच्या पायाखालीच असते. वरून रिक्षा जातात, हातगाडी उभी राहते आणि खाली पेशवेकाळातला दगडी हौद. पंचमी जवळ आली की रस्ता उकरायचा, माती काढायची, झाकलेली लाकडं एकेक करून वर घ्यायची. पहिलं लाकूड निघालं की आतून ओल्या मातीचा गार वास येतो. तो वास आला की आमच्या आळीत सण लागला.

आमच्या रहाडीचा रंग पिवळा, शनी चौकातल्या रहाडीचा गुलाबी, दिल्ली दरवाजाची केशरी. संध्याकाळी मेनरोडला कुणाचा शर्ट पाहिला की तो कुठून आला ते विचारावं लागत नाही. रंग फुलांचा. मोठ्या कढईत उकळून हौदात ओततात. पूजा होते, मानकऱ्यांचा पहिला मान असतो आणि मग धप्पा. उडी म्हणायचं नाही, धप्पाच म्हणायचं. पाणी उसळून काठावरच्या सगळ्यांच्या अंगावर आलं पाहिजे, तर तो धप्पा.

मी पहिला धप्पा मारला तेव्हा चौदा वर्षांचा होतो. काका मागे उभे होते, पाठीवर त्यांचा पंजा. "नाक दाब आणि सोड स्वतःला." पाणी कोमट होतं, ते मला अनपेक्षित. कान बंद झाले. डोळे मिटलेले असूनही सगळं पिवळंच वाटत होतं. वर आलो तर काठाचा दगड शेकडो पायांनी बुळबुळीत झालेला, पकडच मिळेना. मग कुणीतरी मनगटाच्या वर, कोपराजवळ घट्ट धरून एका हिसक्यात बाहेर काढलं. कोण होतं ते आजपर्यंत माहीत नाही. नखांच्या कडेचा पिवळा पाडव्यापर्यंत टिकला.

ताई, लेकीला मानाच्या धप्प्याला घेऊन या. तेव्हा लहानांना काठाशी जागा मिळते. दुपारनंतर गर्दी फार होते, तेव्हा नको.

थोरली सून

धुळवडीला नाशिक रंग खेळत नाही, वीर नाचवतं. मी जळगावकडची, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला सासूबाईंनी देव्हाऱ्यातला वीराचा टाक काढला, खोबऱ्याच्या वाटीत ठेवला, लाल कापडात बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे आपल्या घरातले. आधी गेलेले. वर्षातनं एकदा त्यांना गंगेवर अंघोळीला न्यायचं."

वाजतगाजत रामकुंडावर गेलो. आळीतली पोरं राम, कृष्ण, महादेव झालेली. चार वर्षांचा एक हनुमान शेपटी सांभाळत आजीच्या कडेवर झोपून गेला होता. कुंडाशी शेकडो बायका हातात तसंच लाल कापड घेऊन उभ्या. प्रत्येकीच्या कापडात कुणी ना कुणी माणूस. मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांना ओंजळीनं पाणी घातलं आणि तेव्हा मी या घरची झाले, असं मला आजही वाटतं.

दाजीबा वीराची मिरवणूक जुन्या नाशकातून निघते. डोक्याला बाशिंग, अंगावर दागिने. दारोदारी बायका औक्षण करतात. सासूबाई गेल्याला तीन वर्षं झाली. आता टाक मी काढते.

गौरी पटांगण

पाडव्याआधी घाटावर महारांगोळी काढतात, तिथे दोनदा होते. रांगोळी इतकी मोठी असते की काढताना आपल्याला फक्त आपला तुकडा दिसतो. माझ्या वाट्याला निळा रंग आला होता, गुडघ्यावर बसून दोन तास निळाच भरत होते. नंतर पुलावर चढून खाली पाहिलं तेव्हा कळलं की मी नदी भरत होते. लेकीला नक्की आणा, चिमटीत रंग धरता येत असेल तर काम देतात.

शनी चौकातला

रथाबद्दल लिहितो. चैत्र शुद्ध एकादशी, म्हणजे कामदा एकादशी. रामनवमीनंतर दोनच दिवसांनी. काळारामाच्या मंदिरापासून दोन रथ निघतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ जुन्या नाशकात फिरून येतो, तोवर रामरथ पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. मग रामकुंडावर देवाला अवभृथ स्नान, म्हणजे उत्सवाच्या समाप्तीचं स्नान, घालतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्यानं रथापुढच्या मानकरी बुवांकडे पाहावं. ते रथाकडे तोंड करून, म्हणजे उलट्या पावलांनी, सगळी वाट चालतात. रामाला पाठ दाखवायची नाही म्हणून. उतार असो, खड्डा असो, मागे न बघता. आजूबाजूची माणसं हलक्या आवाजात "बुवा, पायरी... बुवा, डावीकडे" असं सांगत असतात. एवढ्या गजरात ते कसं ऐकू येतं, मला दरवर्षी नवल वाटतं.

दोराला हात मात्र माहितीच्या माणसासोबत लावा. वळणावर दोर एकदम ताणला जातो. मी एकदा चुकीच्या बाजूला उभा होतो, तळहाताची साल निघाली.

याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला होता. माझे आजोबा रथाच्या दिवशी आम्हा नातवंडांना आधी पूर्व दरवाजाशी उभं करून ते सांगायचे, मग दर्शनाला न्यायचे. लेकीला तेही सांगा.

सतरंजीवाले काका

वसंत व्याख्यानमाला. मे महिना, रोज संध्याकाळी, यशवंतराव महाराज पटांगण. शंभरी ओलांडली तिनं. माझं वय आता बहात्तर आहे आणि मी चाळीसेक वर्षं जातोय. बँकेतून सुटलो की घरी न जाता थेट गंगेवर. शेतीवर, अणुशक्तीवर, ज्ञानेश्वरीवर, शेअर बाजारावर, सगळं तिथेच ऐकलं. फी नाही, पास नाही, पुढच्या रांगेत राखीव नाव नाही. शेजारी भाजी विकून आलेली बाई बसते आणि पलीकडे प्राध्यापक.

एकच दुःख आहे ते सांगतो. गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी कमी दिसतात. एका संध्याकाळी जवळच्या कुठल्याशा मिरवणुकीतला डीजे इतका वाजत होता की वक्त्यांना पंधरा मिनिटं थांबावं लागलं. ते गप्प उभे राहिले, आम्ही गप्प बसून राहिलो. एकही माणूस उठला नाही. मग त्यांनी सोडलेल्या वाक्यापासूनच पुन्हा सुरुवात केली. त्या वाक्याला आम्ही टाळ्या वाजवल्या.

विंगेतला

तुमच्या तीन महिन्यांत बसत नाही, पण हिवाळ्यासाठी लिहून ठेवा. राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी सायखेडकर नाट्यगृहात होते. रोज एक नाटक, तिकीट अगदी नाममात्र. दिवसभर कारखान्यात, कचेरीत काम करून रात्री अकरापर्यंत तालमी करणारी माणसं तिथे उभी राहतात. मी नेपथ्य लावतो. सकाळी टेम्पोतून फ्लॅट उतरवायचे, रात्री नाटक संपलं की खिळे उपसून रंगमंच मोकळा करायचा, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचं घर तिथे उभं राहणार असतं. एका वर्षी दुसऱ्या अंकात आमचा डिमर बंद पडला. काळोखातच आमच्या नायिकेनं पुढची दोन पानं म्हटली. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही. टाळी मिळवण्यासाठी काम करणारे पुष्कळ असतात. मला ती शांतता मिळाली, अजून पुरते आहे.

पिंपळपार

दिवाळीतली नेहरू चौकातली पाडवा पहाट कुणी लिहिलीच नाही! पाराखाली पहाटे थंडीत शाल पांघरून गाणं ऐकायचं. वाड्यांच्या खिडक्यांतूनही माणसं ऐकत असतात. पाच वाजता पोहोचलात तर बसायला मिळेल.

होळकर पूल

थोडं कामाचं. गाडी गावात घालू नका. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा शालिमारला बसनं उतरा आणि चालत या. रथाच्या दिवशी मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. माझा भाचा गर्दीत हात सुटून वीस मिनिटं हरवला होता, चिठ्ठीमुळेच सापडला. चुकामूक झाली तर दुतोंड्या मारुतीपाशी भेटायचं, असं आधीच ठरवून निघा. ती मूर्ती मुलांना लांबूनही ओळखता येते. पुढच्या वर्षी, २०२७ ला, सिंहस्थाची स्नानं आहेत, तेव्हा हीच वाट माणसांनी फुललेली असेल. पायाखालची गल्ली यंदाच ओळखीची करून घ्या.

धागा काढणारी

पंचमी झाली. तिवंधा चौकात मानाच्या धप्प्याला आम्ही दोघी काठाशी उभ्या होतो. लेकीचा पांढरा फ्रॉक छातीपर्यंत पिवळा झालाय आणि ती तो धुवायला देत नाहीये. तिवंधेकर, तुम्ही सांगितलेला वासही आम्ही घेतला. त्यासाठी लाकडं काढतात त्या दिवशी मुद्दाम आलो होतो. थोरल्या सूनबाई, धुळवडीला रामकुंडावर लाल कापड घेतलेल्या बायका पाहताना तुमची आठवण झाली. माझ्या आईच्या देव्हाऱ्यातही तसा टाक आहे, तो कुणाचा हे तिला विचारायचं मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. तिच्या आजेसासऱ्यांचा आहे.

आता रथ. आणि काका, मे महिन्यात व्याख्यानाला येताना बसायला घरून काही आणू का?

सतरंजीवाले काका

आणा. घाटाचा दगड रात्री आठपर्यंत तापलेला असतो. जाड सतरंजी आणा, पाण्याची बाटली आणा. मी डाव्या हाताला तिसऱ्या रांगेत असतो, मुलीला पुढे बसवू.