आपल्या गावाची पहिली मॅरेथॉन: कौतुक सगळं खरं, पण मागून येणाऱ्याला पाणी का नव्हतं?

मागून_येतेय

रविवारी आपल्याकडे पहिल्यांदा मॅरेथॉन झाली, मी २१ किमीला होते. तीन दिवस झाले सगळ्यांच्या स्टेटसला मेडलचे फोटो आणि 'ऐतिहासिक दिवस' चाललंय. असू द्या, दिवस ऐतिहासिक होताच. पण जे झालं ते सगळं कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. गेली दोन वर्षं मी पहाटे बायपासला पळते, भाऊ मागे सायकलवर, कारण आपल्याकडे बाईमाणसानं अंधारात एकटीनं पळायचं म्हणजे कुत्री वेगळी आणि नजरा वेगळ्या. रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी गावाच्या मेन रोडवरून उजाडायच्या आत एकटी पळाले. शाळेच्या पोरी लेझीम खेळत होत्या, मोंढ्याच्या कोपऱ्यावर हमाल हातगाड्या बाजूला लावून टाळ्या वाजवत होते, एक आजी ओट्यावरून "पळ माय पळ" म्हणाली. मला रडू आलं पळता पळता. हे मी जन्मात विसरणार नाही.

आता दुसरी बाजू. फ्लॅग ऑफ साडेपाचला होता. सुटलो सहा पंचवीसला, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि आल्यावर भाषणंही झाली. वॉर्मअप करून आम्ही पंचावन्न मिनिटं थंडीत उभे, आणि हीच पंचावन्न मिनिटं पुढे उन्हात मोजावी लागली. मराठवाड्यातला फेब्रुवारी आहे हा, पहाटे स्वेटर आणि साडेआठला चटका. मी पावणेतीन तासवाली आहे, वेळेवर सोडलं असतं तर सव्वाआठला आत आले असते, ती नऊ वाजून दहा मिनिटांनी आले.

आणि पाणी. रूट जाऊन-येऊन होता, टेबलं अडीच, पाच, साडेसात आणि वळणावर साडेदहाला. जाताना सगळीकडे ग्लास भरून ठेवलेले. परत येताना साडेसातच्या टेबलावर पाणी मिळालं, पाचच्या टेबलावर (म्हणजे माझा सोळावा किलोमीटर) सगळे जार आडवे, आणि अडीचचं टेबल तर उचलूनच नेलेलं. का, तर ५ किमीची पोरं अडीचवरून वळली, १० किमीवाले पाचवरून वळले, त्या दोन टेबलांवरचं पाणी त्यांनी संपवलं, परत कुणी भरलंच नाही. शेवटचे साडेसात किलोमीटर, उन्हात, घोटभर पाणी नाही. माझ्या पुढे एक पन्नाशीचे काका होते ते पेट्रोल पंपावरच्या हवा भरायच्या जागेतल्या बादलीतलं पाणी तोंडावर मारत होते.

माझं स्पष्ट मत: पुढच्या वर्षी २१ किमी ठेवूच नका. आधी दोन वर्षं १० नीट करून दाखवा. आणि पाहुणा कितीही मोठा असो, घड्याळ थांबणार नाही हे त्याला आधीच सांगा.

मोंढा_कट्टा

ताई तुमच्या पाण्याबद्दल वाईट वाटलं, पण २१ बंद करा हे अजिबात पटलं नाही. मी १० पळालो. माझी आई, वय ६४, गुडघ्याला पट्टा बांधून नऊवारीत ३ किमी चालली आणि आता मेडल देवघरात ठेवलंय. ज्या गावात संध्याकाळी सातनंतर ग्राउंडवर फक्त गाड्या शिकणारे असतात त्या गावात हे झालंय. पहिलंच वर्ष होतं हो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ ला सुरू झाली आणि २०१५ ला तिचं नाव गिनेसमध्ये गेलं, आज लोक लांबून लांबून यवतेश्वरचा घाट चढायला येतात, तेही छोटंच शहर आहे ना? त्यांनी २१ पासूनच सुरुवात केली. आपण आधीच हातपाय गाळले तर स्पॉन्सर पुढच्या वर्षी उभा राहणार नाही, आणि मग १० पण नाही आणि ३ पण नाही. चुका आत बसून सांगाव्यात, चव्हाट्यावर नाही.

घड्याळ_थांबवलं

माझा मुद्दा वेगळाय. माझ्या घड्याळात २१.३८ आलं. हाफ म्हणजे २१.०९७५. जवळपास ३०० मीटर जास्त पळवलं आम्हाला, माझा दोन तासाच्या आतला टायमिंग त्यात गेला, २:००:५० आलाय. अंतर तरी नीट मोजा राव, पैसे घेतलेत. म्हणून मी ताईंच्या बाजूनं.

सायकलचं_चाक

@घड्याळ_थांबवलं तुमची चिडचिड समजते पण यात आयोजकांची चूक असेलच असं नाही. रूट मोजायची पद्धत अशी असते की सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात, आधी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतात, आणि मग रूट मोजतात, तोही वळणावर सगळ्यात जवळचा रस्ता धरून. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त टाकतात, कारण अंतर कमी भरलं तर रेकॉर्डच बाद होतं. म्हणजे हाफमध्ये २१ मीटर असेच जास्त. बाकीचे तुम्ही स्वतः पळता, चौकात बाहेरून वळसा घेऊन, ग्लास घ्यायला उजवीकडून डावीकडे जाऊन. शिवाय घड्याळ उंच बिल्डिंगजवळ नि झाडाखाली थोडं इकडेतिकडे उडतं. बरोबर मोजलेल्या रूटवर २१.३ दिसणं नेहमीचं आहे. उलट २०.८ दिसलं असतं तर मी आधी आरडाओरड केली असती.

पण आपला रूट मोटारसायकलच्या मीटरवर मोजला असं मी एका मार्शलकडून ऐकलं. तसं असेल तर मात्र २१.३८ बद्दल मी काहीच बोलू शकत नाही, कारण मग नक्की किती अंतर होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी मोजणारा माणूस बोलवावा, हा खर्च टीशर्टच्या आधी करायचा असतो.

एनएसएसवाली

मी पाचच्या टेबलावर होते. हे वाचून रात्रभर झोप नाही आली म्हणून लिहितेय. आम्ही सहा जणी होतो, सगळ्या एफवायच्या. आम्हाला सांगितलं होतं ५०० लोक येणार, जार दिले वीस. १० किमीवाले आले ते दोन दोन ग्लास घ्यायचे, एक प्यायला एक डोक्यावर, आम्ही कुणाला नाही कसं म्हणणार? साडेसातलाच संपलं. आम्हाला ज्यांचा नंबर दिला होता त्या सरांना मी अकरा वेळा फोन लावला, लागला नाही, ते स्टेजजवळ होते, तिथे डीजे चालू होता. मग समोरच्या घरातल्या आजोबांनी गेट उघडलं आणि बोअरचा नळ चालू करून दिला, आम्ही घागरीनं आणून ग्लास भरले, बोअरचं आहे म्हणून काही जणांनी घेतलं नाही. साडेआठला ट्रॅक्टर आला टेबल न्यायला. मी म्हणाले अजून माणसं येतायत, ड्रायव्हर म्हणाला मला हेच सांगितलंय. एका काकांनी मला शिवी दिली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे खरंच पाणी नव्हतं.

रस्त्यापलीकडचा

तुम्ही सगळे पळणाऱ्यांचं बोलताय, न पळणाऱ्यांचंही ऐका. माझ्या वडिलांचं रविवारी सकाळी साडेसातचं डायलिसिस असतं. पाच ते आठ रस्ता बंद असं पेपरात आलं होतं म्हणून आम्ही सेंटरला विनंती करून आठ करून घेतलं. आठला निघालो तर चौकात बॅरिकेड तसंच, पोलीस म्हणतात अजून पळणारे येतायत, एक तास थांबा. गल्लीबोळातून पाऊण तासानं पोचलो. मॅरेथॉनला माझा विरोध नाही, पण रस्ता आठला उघडणार सांगितलं की आठला उघडला पाहिजे. बाहेरून शंभर लोक पळायला येणार म्हणून अख्ख्या गावानं थांबायचं हे मला मान्य नाही. बायपासला घ्या, एमआयडीसीत घ्या.

मोंढा_कट्टा

@रस्त्यापलीकडचा बायपासला घेतली तर टाळ्या वाजवायला कोण येणार? वर ताईंनी लिहिलंय ना हमालांचं, लेझीमचं, ते बायपासला होणार नाही. तुमच्या वडिलांचं खरंच वाईट झालं, पण तेही उशिरा सोडल्यामुळेच झालं, रूटमुळे नाही.

तालीम_ते_ट्रॅक

पोरांना पळवायला शिकवतो, वीस वर्षं झाली. मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय, माझ्या पोरांबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या स्टेडियमवर रोज पहाटे दीडदोनशे पोरं पोरी पळतात, पोलीस भरतीसाठी, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. गावातले खरे रनर हेच आहेत. त्यातल्या किती जणांनी २१ ला नाव दिलं? माझ्याकडचे तिघं. फी ९०० रुपये. शेतमजुराच्या पोराला ९०० म्हणजे मेसचे पैसे आहेत. मी गेलो होतो सांगायला की जिल्ह्यातल्या भरतीच्या पोरांना १०० रुपयात घ्या, टीशर्ट नको, फक्त बिब (छातीवरचा नंबर) द्या. बघू म्हणाले.

आणि २१ बंद करा म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका. ललिता बाबर माणदेशातल्या मोही गावची, दुष्काळी भाग, आपल्यासारखाच. २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पोचली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. लांब पल्ल्याला वाव असला की अशी पोरगी दिसते. माझ्याकडे एक आहे, १९ वर्षांची, रविवारी अनवाणी पळाली १ तास ३१ मिनिटात, बुटाचा तळवा आदल्या दिवशी निघाला म्हणून. तिच्या पायाचे फोड मी स्वतः धुतले. ती १० ला असती तर तिला स्वतःलाही कळलं नसतं की आपण एवढं लांब पळू शकतो.

ओपीडीनंतर_रन

डॉक्टर म्हणून दोन शब्द. पाणी नव्हतं ही गंभीर गोष्ट आहे, पण पुढच्या वर्षी घाबरून प्रत्येक टेबलावर 'प्या प्या' असंही करू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी आलं होतं (पाणी जास्त झालं की रक्तातलं हे मीठ पातळ होतं, तेही जिवावर बेतू शकतं), आणि त्यात जास्त करून चार तासांच्या वर पळणारे, वाटेत भरपूर पिणारे होते. तहान लागेल तसं प्यावं, पण तहान लागेल तेव्हा टेबलावर पाणी असलं पाहिजे, मुद्दा तो आहे. आणि शेवटच्या माणसाच्या मागे एक गाडी पाहिजे. रविवारी अँब्युलन्स फिनिशला उभी होती, तिथे तिचा उपयोग सगळ्यात कमी.

मागून_येतेय

सगळं वाचलं. @एनएसएसवाली बाळ, तू झोप. तुझ्या टेबलावर जो घागरीचा ग्लास मिळाला तो बहुतेक माझ्या आधीच्या लोकांना मिळाला असेल, मी आले तेव्हा ट्रॅक्टर निघालेला होता. पण तुम्ही सहा जणींनी घागरी वाहिल्यात हे मला माहीत नव्हतं. शिवी मी नाही दिली, पण मनात राग तुमच्यावरच होता. तो चुकीच्या माणसावर होता.

@तालीम_ते_ट्रॅक सर, तुमच्या मुलीचं वाचून २१ बंद करा हे मी मागे घेते. १० वरच थांबा म्हणताना माझ्या डोळ्यासमोर फक्त माझ्यासारखे होते, हौशी.

पण @मोंढा_कट्टा, चव्हाट्यावर बोलू नका हे मात्र मानणार नाही. आत बसून सांगायला आत कोण घेतं? सरांनी आत जाऊनच सांगितलं होतं ना, काय झालं? आणि 'पहिलंच वर्ष' म्हणून किती सोडायचं. काल बसून हिशोब केला. २१ ला सहाशे माणसं धरा, वाटेत सात वेळा टेबल येतं, दर वेळी १५० मिली म्हणजे माणशी लिटरभर. सहाशे सव्वासहाशे लिटर, वीस लिटरचे बत्तीस जार. एका जारचे तीस रुपये धरले तरी हजार रुपये होत नाहीत! ५ आणि १० वाल्यांचं वेगळं धरून दुप्पट करा, तिप्पट करा, तरी स्टेजवरच्या फुलांपेक्षा कमी. फक्त परतीचे जार वेगळे ठेवायचे, वर चिठ्ठी लावायची की २१ वाले वळून आल्याशिवाय फोडू नका. पैशाअभावी नाही झालं हे, मागून येणाऱ्यांचा कुणी विचारच केला नाही म्हणून झालं.

आणि दादांच्या वडिलांचं डायलिसिस, माझं ऊन, या पोरींचा संपलेला जार, तिन्हीचं मूळ एकच आहे, ती पंचावन्न मिनिटं. साडेपाचला सोडलं असतं तर सव्वाआठ साडेआठला बॅरिकेड निघाले असते.

रस्त्यापलीकडचा

साडेआठही माझ्यासाठी उशीरच आहे. पण खरं सांगितलेले साडेआठ असतील तर मी आधीच साडेनऊची वेळ घेईन. एवढं लिहून द्या म्हणावं.

मोंढा_कट्टा

बरं, शब्द मागे घेतो. बत्तीस जारचा हिशोब वाचून मलाच कसंतरी झालं, माझ्या ओळखीत दोघांचे आरओ प्लांट आहेत, एका फोनवर झालं असतं. बुधवारी संध्याकाळी सात वाजता आयोजकांची मीटिंग आहे, क्लबच्या हॉलला, कुणालाही येता येईल असं कळलंय. ताई तुमचा हिशोब कागदावर लिहून द्या, मी नेतो.

मागून_येतेय

मीच येते. सरांना पण घेऊन या, १०० रुपये फीचं त्यांनी पुन्हा मांडलं पाहिजे. आणि एनएसएसवाली, तुला जमत असेल तर तूही ये, अकरा फोनचं तूच सांग.

एनएसएसवाली

सातला होस्टेलचं गेट बंद होतं. रेक्टर मॅडमना उद्या विचारते.