मदत हवी आहे: प्रौढांच्या वर्गातला संकोच कसा घालवू?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी 'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेविका म्हणून साक्षरता वर्ग घेते. रात्री आठला, जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत. अकरा जण येतात, त्यात आठ बाया.

सुरुवातीला सगळ्यांना पोरांच्या बाकांवर बसवलं, ती माझी चूक. गुडघे मावेनात, कोणी मान वर करीना. आता सतरंजी अंथरून गोल बसतो, मीही त्यांच्यातच. अहिराणीत बोलायला लागल्यापासून हसू फुटतंय. आल्या आल्या विचारते, आज कापूस किती किलो वेचला? ते आकडे फळ्यावर मांडून मजुरीचा हिशेब करतो. तोंडी हिशेबात त्या माझ्या पुढे असतात, आणि तेवढा वेळ खोलीत खरंच मोकळं वाटतं.

पाटी हातात आली की सगळं पुन्हा गप्प. साठीच्या एक मावशी आहेत. बोंडांच्या काट्यांनी त्यांची बोटं ओरखडलेली, पेन्सिल इतकी दाबून धरतात की टोक मोडतं. परवा मी नुसती वाकले, तर तळव्याने अख्खी पाटी पुसून टाकली. म्हणाल्या, "माले येवाव नही, माय." 'म' आणि 'ल' स्पष्ट काढलेले मी पाहिले होते हो! घरी येऊन रडू आलं मला.

दुसरी अडचण, एक सून आणि तिचे सासरे एकाच वर्गात आहेत. ते समोर असले की ती पदर सावरत बसते, उत्तर येत असून बोलत नाही. सासरे भले माणूस आहेत, त्यांना येऊ नका म्हणणार कशी?

शेवटी चाचणी आहे, १५० गुणांची; वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. मी 'परीक्षा' शब्द उच्चारला आणि दोघी चार दिवस फिरकल्या नाहीत. चुका न दुखावता कशा दाखवायच्या? कोणी असे वर्ग घेतले असतील तर सांगा.

प्रतिसाद, रावेरकर:
ताई, पाटी बघायला मागूच नका. फळ्यावर तुम्हीच मुद्दाम चुकीचं लिहा, 'पारोळा'तला काना खाऊन टाका. एसटीची पाटी रोज बघणाऱ्या बाया लगेच ओरडतात. माझ्या वर्गात पहिल्यांदा आवाज निघाला तो असाच. आणि सुनेसाठी आठवड्यातून दोन दिवस बायांचा वर्ग एखाद्या ओट्यावर भरवा, सासऱ्यांना काही सांगावंच लागणार नाही.

धागाकर्ती:
दादा, ओट्याचं सुचलंच नव्हतं. मावशींचाच ओटा मोठा आहे, उद्या त्यांनाच विचारते. त्यांच्या घरी भरला तर त्या पाटी पुसणार नाहीत, असं वाटतंय. पण ओरखडलेल्या बोटांचं काय? जाड खडू देऊ का, की वेचणी संपेपर्यंत फक्त वाचनच घेऊ?